परदेशातील नोकरीचा अर्ज आणि वकिलाची निवड

गेल्या काही वर्षांत धार व देवास येथील आमच्या सभासदांच्या घरांतून एक नवाच प्रश्न कानी येऊ लागला आहे. पूर्वी मुलगा वयात आला की त्याला कोणत्या गादीवर बसवावयाचे, एवढाच विचार असे. आता पीथमपूरच्या मोटार-कारखान्यात किंवा देवासच्या औद्योगिक वसाहतीत चार-सहा वर्षे काम केलेला मुलगा कॅनडा, ऑस्ट्रेलिया अथवा जर्मनी येथे कुशल कामगार म्हणून स्थायिक होण्याची भाषा करतो, आणि वडील आम्हांस विचारतात, "यासाठी वकील करावा की न करावा?" दोन-तीन लाख रुपयांचा प्रश्न असल्यामुळे तो उपेक्षणीय नाही. परंतु रुपयांपेक्षाही मोठे असे काही त्यात पणास लागलेले असते, हे आम्हांस एका घरच्या अनुभवावरून उमगले. तो अनुभव पुढे सांगू.

आम्ही कायदेपंडित नव्हे, व्यापारी आहोत. तथापि दुसऱ्याच्या हातून आपले काम करून घेताना काय पाहावे, हे व्यापाऱ्यास वेगळे शिकवावे लागत नाही. मंडीत सोयाबीनची गाडी उतरली की अडत्या कोण, दलाल कोण आणि तोलणारा कोण, हे आपण प्रथम पाहतो. प्रत्येकाचा मोबदला निराळा, प्रत्येकाची जबाबदारीही निराळी. परदेशगमनाच्या बाजारात मात्र हीच मंडळी एकाच पाटीखाली बसलेली असतात, आणि पाटीवर 'सल्लागार' एवढेच लिहिलेले असते.

प्रथम अर्ज कोणाच्या नावाने होतो हे ध्यानात घ्यावे. कॅनडाने जानेवारी २०१५ पासून आणि ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ पासून अशी पद्धत ठेवली आहे की, उमेदवार स्वतःच आपले वय, शिक्षण, अनुभव व भाषेचे ज्ञान यांची माहिती सरकारच्या संकेतस्थळावर नोंदवितो, त्यावर गुण मिळतात, आणि ज्यांचे गुण पुरेसे भरतात त्यांना अर्ज करण्याचे निमंत्रण येते. निमंत्रणानंतर दोन्हीकडे साठ दिवसांची मुदत असते. हे सर्व काम करण्यास वकील असलाच पाहिजे असा नियम कोठेही नाही. किंबहुना ही पद्धत अर्जदाराने स्वतः अर्ज करावा अशाच बेताने बांधलेली आहे. ज्या मुलाला इंग्रजी परीक्षेत चांगले गुण मिळतात त्याला हे रकाने भरता येऊ नयेत, हे संभवत नाही.

इंग्लंड व अमेरिका येथील गोष्ट निराळी आहे. तेथे आधी मालक पुढे यावा लागतो. इंग्लंडमध्ये ज्या मालकास परवाना आहे त्यानेच प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यावयाचे. अशा परवानाधारक मालकांची यादी तेथील सरकार प्रसिद्ध करते व ती कोणासही विनामूल्य पाहता येते. २२ जुलै २०२५ पासून तेथील वेतनाची सामान्य किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली, आणि पदवीच्या दर्जाखालील बहुतेक कामांना तो दरवाजा बंद झाला. त्याआधी, ३१ डिसेंबर २०२४ पासून, प्रमाणपत्राचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकांना मनाई झाली. तेव्हा इंदूरला बसून कोणी म्हणू लागला की, "इतके लाख द्या, प्रमाणपत्र आणून देतो," तर तो काय विकतो आहे हे सभासदांनी आपल्या मनाशी ताडून पाहावे.

अमेरिकेत एच-१बी या प्रकारात अर्ज मालकाचा, वकील मालकाचा आणि त्याचे शुल्कही मालकानेच द्यावयाचे. मुलाला वाटते, आपल्याला आयता वकील मिळाला. परंतु ज्याच्या तिजोरीतून बिदागी येते त्याच्याकडे नजर ठेवून माणूस चालतो, हा जगाचा रिवाज अमेरिकेत बदलत नाही. मालकाचे हित आणि मुलाचे हित पुष्कळ अंतरापर्यंत एका वाटेने जाते. नोकरी बदलावयाची वेळ आली की वाटा फुटतात. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या स्थायी परवान्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत अशी तेथील मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. अशा रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मधेच केव्हातरी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वकिलाचा तासाभराचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते. सबंध काम सोपविण्याची गरज नसते. एक तास पुरतो.

जर्मनीसंबंधी थोडक्यात सांगावयाचे तर तेथे सर्व भर पदवीला व कारागिरीला मान्यता मिळण्यावर आहे. १ मार्च २०२० पासून तेथे कुशल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा अमलात आला आणि जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी गुणांवर आधारलेले कार्डही मिळू लागले. शेजारच्या महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. तेथे वकिलापेक्षा जर्मन भाषेचा शिक्षक अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या समजुतीप्रमाणे "वकील करावा काय?" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, आमच्या कागदांत अशी कोणती गाठ आहे की जी सरळ सत्य सांगून सुटत नाही? गाठ नसेल तर वकील कशाला? आणि असेल तर ती कोणत्या जातीची आहे हे पाहिल्यावाचून वकील तरी कोणता करणार?

आमच्या समाजातील पुष्कळशा गाठी नावांच्या असतात. एकाच मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव 'जैन' असते, पदवीपत्रावर गोत्राचे नाव येते आणि पासपोर्टवर दोन्ही. माळव्यातील मराठी घरांत तर सुनेचे माहेरचे पहिले नावही लग्नात बदलले जाते. जन्मनोंदीतली मुलगी एक आणि विवाहनोंदीतली वधू दुसरीच. देवासला थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. एका गावात दोन दरबारांचे शिक्के पाहण्याची सवय आमच्या आजोबांना होती. परदेशातील अधिकाऱ्यास ती नाही. तो दोन नावे पाहतो आणि दोन माणसे समजतो.

या गाठी सोडविण्यास टोरांटोचा किंवा लंडनचा वकील लागत नाही. त्या येथल्याच जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या वकीलसाहेबांकडून, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करवून, राजपत्रात नाव प्रसिद्ध करून आणि पासपोर्ट दुरुस्त करून सुटतात. जन्माची नोंदच सापडत नसेल तर नगरपालिकेकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे व शाळेचा दाखला जोडावा. खर्च थोडा, वेळ मात्र अधिक. पदवीची पडताळणी करावयाची तर उज्जैन, इंदूर किंवा भोपाळ येथील विद्यापीठाने गुणपत्रके मोहोरबंद करून परस्पर पाठवावी लागतात. तेथे जो हेलपाटा पडतो तो कोणताही वकील वाचवू शकत नाही. आम्ही पाहिले आहे की, सल्लागारास लाखभर रुपये देऊनही विद्यापीठाच्या खिडकीपुढे मुलाचे वडीलच उभे असतात.

दुसऱ्या गाठी पैशाच्या. कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत, तेथील नोकरीचा वैध आधार नसल्यास, कुटुंबाच्या निर्वाहापुरती रक्कम स्वतःपाशी असल्याचे दाखवावे लागते, आणि बँकेचा सहा महिन्यांचा हिशेब पाहिला जातो. उसनी रक्कम चालत नाही. आमच्याकडे पैसा पेढीचा असतो, एकत्र कुटुंबाचा असतो. आणि अर्ज करण्याच्या आदल्या महिन्यात वडील पेढीच्या खात्यातून मोठी रक्कम मुलाच्या खात्यावर वर्ग करतात. येथे लपविण्यासारखे काही नसते. पण स्पष्टीकरण जोडले नाही तर ते लपविल्यासारखे दिसते. वडिलांनी ही रक्कम परत न घेण्याच्या अटीवर दिली, असे दानपत्र आणि पेढीच्या खात्याचा उतारा जोडला की बहुधा काम भागते. हे कामही आपल्या मुनीमजींच्या व चार्टर्ड अकाउंटंटच्या आवाक्यातले आहे.

तिसरी गाठ अनुभवाची, आणि आमच्या घरांना हीच सर्वांत अवघड जाते. कारखान्यात काम केलेल्या मुलास कंपनी पत्र देते; त्यात हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन व कालावधी एवढे असले की झाले. पण जो मुलगा पाच वर्षे घरच्या दुकानावर बसला त्याचे काय? त्याला पगार नव्हता. लागेल तेव्हा गल्ल्यातून पैसे मिळत. तो खरेदीला जाई, उधारी वसूल करी, वहीखाते पाही. हे काम कुशल नाही असे कोण म्हणेल? परंतु कॅनडाच्या नियमाला वेतन घेऊन केलेले काम लागते; आणि स्वतःच्या धंद्यातील काम धरावयाचे असेल तर मालकी, उत्पन्न आणि तिऱ्हाइताने दिलेले पुरावे लागतात, स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरत नाही. हा मुलगा भागीदार होता, नोकर होता की नुसता घरचा होता, हा खरोखरीचा कायद्याचा प्रश्न आहे. येथे त्या देशाचा कायदा जाणणारा माणूस हवा, आणि त्याचे शुल्क वसूल आहे असे समजावे.

वर म्हटलेला अनुभव अशाच ठिकाणचा आहे. धार येथील आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. काही काळ घरच्या दुकानावर, पुढे पीथमपूरला हिशेबनीस. कॅनडासाठी त्याचे गुण थोडक्यात कमी पडत होते. इंदूरच्या एका सल्लागाराने सांगितले की, काळजीचे कारण नाही. मामांची पेढी आहे ना, तेथे तीन वर्षे हिशेब-व्यवस्थापक होता असे पत्र घेऊ. पत्र त्यानेच टंकलिखित करून आणले. मामांनी भाच्याच्या प्रेमापोटी सही केली. त्यात चोरी आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. आपल्या व्यवहारात नातलगासाठी चिठ्ठी देणे हा सौजन्याचा भाग मानला जातो. अर्ज सल्लागाराच्या ई-पत्त्यावरून, त्याच्याच खात्यातून गेला. अर्जात मात्र सल्लागाराचे नाव कोठेही नव्हते.

काही महिन्यांनी तेथील कार्यालयाचे पत्र आले, की या तीन वर्षांचे वेतन कोणत्या बँकेत जमा झाले ते दाखवा, अन्यथा आपण खोटी माहिती दिली असे धरण्यात येईल. अशा पत्राला ठराविक दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. पत्र सल्लागाराच्या ई-पत्त्यावर आले. ते मुलाने पाहिले तेव्हा मुदत संपून गेली होती आणि सोबत निर्णय होता: पाच वर्षे कॅनडात प्रवेशास मनाई. तेथील कायद्याच्या ४० व्या कलमात हीच शिक्षा सांगितली आहे, आणि अर्ज कोणी भरून दिला होता याला तेथे किंमत नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. मुलगा पत्र घेऊन सल्लागाराकडे गेला तेव्हा तो म्हणाला, आमचे नाव कागदावर कोठे आहे? ते खरोखरच नव्हते.

त्या घरात नंतर कित्येक महिने जे मौन होते ते आम्ही पाहिले आहे. मामा त्या वर्षी भाऊबीजेला आले नाहीत.

कॅनडाच्या कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन अर्जदाराच्या वतीने काम करण्याचा अधिकार तेथील वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना, ज्यांना तशी मुभा आहे अशा सहायक विधिज्ञांना आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या सल्लागारांच्या महाविद्यालयाकडे नोंदलेल्यांनाच आहे. 'महाविद्यालय' हे नाव असले तरी ती शाळा नव्हे, नियामक संस्था आहे. प्रतिनिधी कोणीही असो, पैसे घेणारा असो वा घरचा फुकट मदत करणारा, त्याचे नाव अर्जात सांगावे लागते. ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या प्रतिनिधीस क्रमांक असतो. इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्यान्वये अनधिकृत माणसाने असा सल्ला देणे हा गुन्हा आहे. परंतु हे सर्व कायदे त्या त्या देशाचे. इंदूरच्या दुकानदारापर्यंत त्यांचा हात सहसा पोहोचत नाही. आपल्याकडील १९८३ चा उत्प्रवास कायदा परदेशी नोकरी लावून देणाऱ्या भरती-एजंटांना नोंदणीचे बंधन घालतो व त्यांचे शुल्क तीस हजार रुपये अधिक कर एवढ्यावर मर्यादित करतो. पण जो केवळ 'अर्ज भरून देतो' तो स्वतःला भरती-एजंट म्हणवीतच नाही. म्हणून नोंदणीचा क्रमांक मागावा आणि तो त्याने दाखविलेल्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर न पाहता त्या देशाच्या नियामकाच्या जाहीर यादीत आपण स्वतः शोधावा. पाच मिनिटांचे काम आहे. हुंडीवरची सही आपण पारखून घेतो, मग हीच का सोडावी?

खात्याचे संकेतशब्द मुलापाशी असावेत, ई-पत्ता मुलाचा असावा, पैशांची पावती असावी. यांपैकी एकाही गोष्टीला जो नाही म्हणेल त्याच्याशी पुढे बोलू नये. व्हिसाची 'हमी' देणाऱ्याविषयी तर आम्ही काही लिहीतच नाही.

खऱ्या वकिलाचे मोल केव्हा असते याचे एक जुने उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित हे गृहस्थ अमेरिकेत गेले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले आणि पुढे ते तेथे वकीलही झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिक होता येत नाही असा निर्णय दिला. त्या खटल्यात थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत पंडित होते. त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही रद्द करण्यास आरंभ केला आणि पंडितांवरच दावा लावला. अनेकांचे नागरिकत्व गेले. पंडितांनी न्यायालयासमोर मांडले की, १९१४ मध्ये हाच प्रश्न सरकारच्या विरोधासह न्यायालयापुढे आला, निकाल लागला, सरकारने अपील केले नाही, आणि त्या निकालावर विसंबून आपण धंदा व संसार उभा केला. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले, आणि सरकारला उरलेले दावे सोडून द्यावे लागले.

हे उदाहरण कायद्याच्या चातुर्याचे म्हणून सांगितले जाते व ते तसे आहेही. पण आमच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. १९१४ च्या अर्जात पंडितांनी काही लपविले असा आरोप सरकारलाही करता आला नाही. त्यांचा जन्म, कूळ, देश सर्व उघड होते. कागद खरे होते म्हणून वकिली चालली. खोट्या पत्राच्या पायावर तोच युक्तिवाद कोणत्या वकिलाने उभा केला असता?

मग वकील केव्हा करावा? पूर्वी कोठे व्हिसा नाकारला गेला असेल, कुटुंबातील कोणावर फौजदारी खटला झाला असेल, मूल पहिल्या विवाहाचे असून त्याच्या ताब्याचा प्रश्न असेल, घरच्या धंद्यातील अनुभवावर सर्व अर्ज अवलंबून असेल, किंवा खुलासा मागणारे पत्र आले असेल, तर विलंब न लावता त्या देशाचा सनदी वकील करावा व त्याला पहिल्याच बैठकीत सर्व सांगावे. यांतले काही नसेल, नोकरी कारखान्यातली आणि कागद एका नावाचे असतील, तर मुलाने स्वतः अर्ज करावा. फार तर भरलेला अर्ज पाठविण्यापूर्वी एकदा सनदी माणसाकडून तपासून घ्यावा. त्याचे शुल्क सबंध प्रकरणाच्या शुल्कापेक्षा पुष्कळ कमी असते. देवासच्या आमच्या एका सभासदाच्या मुलाने असेच केले. दात्यांच्या चाकांच्या कारखान्यातला तो अभियंता, रोज रात्री जेवणानंतर तासभर बसून दोन महिन्यांत त्याने सर्व कागद जुळविले. तपासणाऱ्या वकिलाने एकच चूक दाखविली: पत्नीच्या माहेरच्या नावाचा रकाना कोरा राहिला होता.

धारच्या त्या मुलाची पाच वर्षे येत्या चैत्रात पुरी होतात. या वेळी त्याने टोरांटोचा एक वकील केला आहे, यादीत त्याचे नाव स्वतः पाहून. जुना निर्णय लपविता येत नाही व लपवावयाचाही नाही, त्यामुळे काम सोपे नाही, असे वकिलाने आधीच सांगितले आहे. त्याने मागितलेला पहिला कागद मामांचा होता. मामा गेल्या महिन्यात स्वतः धारला येऊन तो देऊन गेले. त्यात लिहिले आहे की, माझा भाचा आमच्या पेढीवर कधीही नोकरीस नव्हता, आणि पूर्वीच्या पत्रावरची सही माझी आहे.